दुरून डोंगर साजरे : नामका चूचे ४२ दिवस

ईशान्येत पोस्टिंग झालेल्या माणसाला सप्टेंबर-ऑक्टोबरात घरून फोनवर ठरलेला प्रश्न येतो : "तिकडे थंडी पडली का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. तवांगच्या बाजूला या दिवसांत सकाळी आठला जॅकेट काढावंसं वाटेल असं ऊन असतं. अकरा वाजता दरीतून ढग वर सरकायला लागतात, दुपारी दोनला पाऊस येतो, आणि हाच पाऊस दोन-तीन हजार फूट वर बर्फाचा भुगा होऊन पडत असतो. रात्री आभाळ मोकळं झालं की बाहेर ठेवलेल्या बादलीवर पापुद्रा धरतो. आपल्याकडे ज्याला भाद्रपद-आश्विन म्हणतात, तो काळ पूर्व हिमालयात ना पावसाळा असतो ना हिवाळा. दोघांचाही त्यावर हक्क असतो आणि कोणाची पाळी कधी, ते आधी कळत नाही.

बासष्टच्या युद्धावर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. नेहरू, मेनन, कौल, नकाशे, मॅकमहोन रेषा हे सगळं वाचकांना माहीत आहे. मला आज त्या युद्धाचा एक लहान तुकडा घ्यायचा आहे आणि तो पायी चालणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहायचा आहे. ८ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर १९६२, म्हणजे बरोबर ४२ दिवस. ८ सप्टेंबरला महाराष्ट्रात गणपती बसलेले होते. २० ऑक्टोबरला कोजागिरी होऊन गेली होती आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. या ४२ दिवसांत एक अख्खी ब्रिगेड ऋतू बदलत असताना डोंगर चढली, आणि शत्रूची पहिली मोठी गोळाफेक होण्याआधीच अर्धी झिजली होती.

जागा

आधी जागा समजून घेऊ. तिकडच्या भाषेत 'ला' म्हणजे खिंड आणि 'चू' म्हणजे नदी. तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या सीमेला लागून न्यामजांग चू तिबेटमधून भारतात उतरते. १९५९ च्या मार्चअखेरीला दलाई लामा जिथून भारतात आले ते खिंझेमाने याच नदीच्या खोऱ्यात. थोडं खाली झेमिथांग, तिथला गोरसाम चोर्तेन अनेकांनी पाहिला असेल. या न्यामजांग चूला पश्चिमेकडून येऊन मिळणारी छोटी नदी म्हणजे नामका चू. तिच्या उत्तरेला थागला धार, दक्षिणेला आपल्या बाजूचे डोंगर. भारताच्या म्हणण्याप्रमाणे सीमा थागला धारेच्या माथ्यावरून जाते. जून १९६२ मध्ये आसाम रायफल्सचं एक ठाणं धारेवर न बसवता खाली नदीच्या दक्षिण काठाला बसवलं गेलं. धोला पोस्ट ते हेच.

नुसता नकाशा पाहून या जागेची कल्पना येत नाही. नामका चूची दरी अरुंद आहे. उतार उभे, त्यावर दाट झाडी, बुरांसाची आडवी-तिडवी खोडं, बांबूची बेटं, आणि पावसाने भिजलेलं शेवाळ. पायवाट म्हणजे बऱ्याच ठिकाणी मुळं धरून चढायची जागा. नदीवर पूल म्हणजे दोन-तीन ओंडके टाकलेले. लष्करी नोंदींत यांना पूल १, पूल २, पूल ३, पूल ४ अशी नावं आहेत. ती वाचून कोणाला कठडे असलेला पूल डोळ्यांसमोर येत असेल तर त्याने ते चित्र पुसून टाकावं.

मोटाररस्ता तेव्हा तवांगपर्यंत जेमतेम पोचला होता, तोही से ला ओलांडून. पुढे सगळं पायी. लुम्पू नावाच्या वस्तीपर्यंत चालत जायचं, आणि लुम्पूहून नामका चूला उतरायला दोन वाटा. एक हाथुंग ला, साधारण साडेतेरा हजार फुटांची. दुसरी कारपो ला, सोळा हजारांच्या आसपास. या दुसऱ्या वाटेने त्सांगधरला उतरता येतं, म्हणजे साडेचौदा हजार फुटांवरच्या एका उघड्या पठारावर. विमानातून रसद टाकायची जागा तीच ठरली.

थागलाच्या पलीकडची स्थिती उलटी होती. तिबेटचं पठार मुळातच उंच. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या सैनिकाला थागलावर येणं म्हणजे उंचीशी नव्याने ओळख करून घेणं नव्हतं. शिवाय चिन्यांचा मोटाररस्ता धारेच्या बराच जवळ आला होता. दोन्ही बाजूंना डोंगर तोच होता, पण तिकडच्यांना तो दाराशी होता आणि आपल्याला कित्येक दिवसांच्या वाटेवर.

चढाई

८ सप्टेंबरला चिनी सैनिक थागला ओलांडून धोला पोस्टच्या डोक्यावर आले. त्यांना हुसकावायचं असं दिल्लीत ठरलं आणि या कारवाईला 'लेगहॉर्न' नाव मिळालं. काम ७ इन्फन्ट्री ब्रिगेडकडे आलं. ब्रिगेड कमांडर होते ब्रिगेडियर जॉन दळवी. हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतात, पण मुद्दा आडनावाचा नाही. 'हिमालयन ब्लंडर' हे त्यांचं पुस्तक पुढे १९६९ मध्ये आलं. या ४२ दिवसांबद्दल आपल्याला जे तपशील माहीत आहेत, त्यांतले अनेक त्या पुस्तकामुळे.

सगळ्यात आधी ९ पंजाब निघाली आणि १५ सप्टेंबरला नामका चूवर पोचली. त्यांच्या मागोमाग २ राजपूत आणि १/९ गोरखा रायफल्स लुम्पूकडे सरकल्या. नंतर ४ ग्रेनेडिअर्स आली, ती तर थेट दिल्लीहून. आगऱ्याहून पॅरा तोफखान्याचे जवान आले. नेफातली आपली मुदत संपवून शांतता ठाण्यावर जाण्याच्या बेतात असलेली पलटणही वाटेतून परत फिरवलेली होती.

आता अंगावर काय होतं ते पाहा. सुती वर्दी, एक जर्सी, एक ब्लँकेट. माणशी ५० गोळ्या. बर्फाचे बूट आणि जाड कोट थोड्यांना मिळाले, बाकीच्यांना नाहीत. सुती कापडाचा गुण असा की ते पाणी सोडत नाही. दिवसभर चढताना घामाने आणि पावसाने भिजलेली वर्दी रात्री अंगावरच गार होते. ओल्या सुती कापडात ऊब धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ उरत नाही. डोंगरात फिरणाऱ्या कोणालाही हे एका मुक्कामात कळतं.

यात एक साधं गणित आहे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. तेजपूर समुद्रसपाटीपासून फारसं वर नाही. त्सांगधर सुमारे ४,४०० मीटरवर. म्हणजे नुसत्या उंचीने २८ अंशांचा फरक. ऑक्टोबरात तेजपूरला दुपारी पारा २८-३० वर असेल तर त्याच दुपारी त्सांगधरला शून्याच्या आसपास. यात वारा नाही, ओलावा नाही, रात्रही नाही. आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्याही किंचित खाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाई आणखी वाढली. नेफाची जबाबदारी ३३ कोअरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांच्याकडून काढली गेली. रसद आणि तयारीशिवाय हे काम होणार नाही असं ते वर कळवत होते. ४ ऑक्टोबरला नवी ४ कोअर उभी राहिली आणि लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल तिचे कमांडर म्हणून आले. १० ऑक्टोबरच्या आत काहीतरी हालचाल दिसली पाहिजे, हे ठरलेलं होतं. लुम्पूला थांबलेल्या २ राजपूत आणि १/९ गोरखा यांना लगेच नामका चूकडे निघायचा हुकूम मिळाला. जायचं कारपो लावरून, त्याच सुती कपड्यांत, त्याच एका ब्लँकेटवर.

खिंड दुपारच्या आत ओलांडायची, हा डोंगरातला जुना शिरस्ता. दुपारनंतर वारा आणि ढग वर येतात, वाट दिसेनाशी होते. त्या भागातले याक पाळणारे ब्रोकपासुद्धा थंडीच्या आधी आपली जनावरं उंच कुरणांवरून खाली आणतात. सगळं खोरं खाली उतरायच्या तयारीत असताना आपल्या दोन पलटणी सोळा हजार फुटांवर चढत होत्या. एकामागे एक चालणारी बटालियन म्हणजे लांबलचक रांग. पहिला माणूस उन्हात खिंड ओलांडतो तेव्हा शेवटचा बर्फात असतो. या वाटेवर काही जवान एकही गोळी न झाडता गेले.

छातीतलं पाणी

कशाने गेले? तेव्हा सर्वसाधारण उत्तर होतं न्यूमोनिया. छाती घरघरते, खोकल्याला फेस येतो, ओठ निळे पडतात, माणूस बसल्या जागी बुडतो. हा आजार वेगळा आहे, जंतूंमुळे होत नाही, उंचीवर फुप्फुसात पाणी उतरल्यामुळे होतो, हे अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. म्हणजे हे ज्ञान जगात जेमतेम दोन वर्षांचं होतं. नामका चूवरच्या रेजिमेंटल एड पोस्टपर्यंत ते पोचलेलं असण्याची अपेक्षा धरता येत नाही.

पण एक गोष्ट आजाराचं नाव माहीत नसतानाही माहीत होती. उंचीवर माणसाला हळूहळू न्यावं लागतं. सैन्यातली डोंगराळ भागातली माणसं, गिर्यारोहक, खेचरवाले, सगळे हे जाणून होते. हा आजार बहुतेक वेळा उंचीवर पोचल्यावर पहिल्या दोन ते चार दिवसांत गाठतो. त्याला दोन गोष्टी खतपाणी घालतात : अंगमेहनत आणि थंडी. आता वरच्या परिस्थितीशी हे जुळवून पाहा. पोचल्या पोचल्या मोर्चे खणायचे, लाकडं तोडायची, त्सांगधरहून रसद पाठीवर वाहायची आणि रात्री ओल्या कपड्यांत झोपायचं.

या आजाराला हुद्दा कळत नाही याचाही पुरावा त्याच महिन्यात मिळाला. कोअर कमांडर कौल स्वतः ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या वाटेने नामका चूपर्यंत गेले होते. १७ ऑक्टोबरला ते छातीच्या दुखण्याने आजारी पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विमानाने दिल्लीला न्यावं लागलं. त्यांच्यासाठी विमान होतं. त्सांगधरच्या जवानासाठी पाठुंगळीला घेणारा दुसरा जवान होता, आणि तोही धापा टाकत होता.

आभाळातून येणारी रसद

वाटा अशा असल्यावर ब्रिगेड जगणार कशावर? विमानांवर. डकोटा विमानं लुम्पू आणि त्सांगधरवर माल टाकायची. पूर्व हिमालयात या ऋतूत विमानाला सकाळचे काही तासच मिळतात. एकदा दरीतून ढग उठले की वैमानिकाला पठार दिसत नाही, आणि एका बाजूला डोंगर असताना अंदाजाने माल टाकता येत नाही. ज्या दिवशी सकाळच ढगाळ, त्या दिवशी काहीच नाही.

जे पडायचं ते सगळं मिळायचं असंही नाही. त्सांगधरचं पठार छोटं, कडा तुटलेल्या. पॅराशूट थोडं जरी वाहवलं तरी पेटी दरीत. पॅराशूटं पुन्हा पुन्हा वापरलेली, त्यांतली काही उघडायचीच नाहीत. पडलेल्या मालाचा मोठा हिस्सा हाती लागत नव्हता. तोफा अशाच टाकल्या गेल्या आणि त्यांतल्या दोनच वापरण्याजोग्या राहिल्या. चिन्यांकडे समोर किती तोफा होत्या ते पुढे २० तारखेला कळलं.

मग पडलेला माल शोधायचा, तो उचलून खाली नदीपर्यंत न्यायचा. हे काम कोण करणार? जे मोर्चे खणत होते तेच. मोनपा पोर्टर होते, पायोनियर होते, पण गरजेच्या मानाने फार थोडे. कुऱ्हाडी, करवती, खोरी, काटेरी तार या सगळ्याची टंचाई. डोंगरातल्या मोहिमेत एक जमाखर्च असतो. वर नेलेल्या प्रत्येक ओझ्यातला काही भाग ते ओझं नेणाऱ्याच्या पोटातच जातो. नामका चूवर हा जमाखर्च रोज तोट्यात होता. ब्रिगेड जितके दिवस तिथे थांबत होती तितकी ती लढायला कमी लायक होत होती.

नदी उतरली

१० ऑक्टोबरला पहिली मोठी चकमक झाली. मेजर महेंद्र सिंग चौधरी यांच्या नेतृत्वाखाली ९ पंजाबची एक तुकडी नदीपलीकडे त्सेंग जोंगला गेली होती. तिच्यावर चिन्यांनी मोठ्या संख्येने हल्ला चढवला. पंजाबच्या जवानांनी पहिला हल्ला परतवला. नंतर दारूगोळा संपत आल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. मेजर चौधरींना महावीर चक्र मिळालं. त्या दिवशी ज्यांनी हे पाहिलं, त्यांतल्या कोणालाही चिन्यांना हुसकावणं शक्य नाही हे वेगळं सांगावं लागलं नाही. कौल दिल्लीला गेले. हल्ल्याचा बेत लांबला. पण ब्रिगेडला मागे, चांगल्या जागेवर घ्यायचा निर्णय झाला नाही. तिथेच राहा, असा हुकूम आला.

आता या ४२ दिवसांतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सप्टेंबरात ब्रिगेडने नदीकाठची जागा धरली तेव्हा नामका चू पुराने भरलेली होती. पावसाचं पाणी उभ्या उतारावरून येणारं, त्यात उतरलेला माणूस वाहून जाणार. म्हणून बचाव पुलांभोवती बांधला गेला. पूल धरले म्हणजे नदी धरली, असा त्यात हिशेब होता आणि सप्टेंबरसाठी तो बरोबरही होता.

पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ईशान्येतून पाऊस मागे हटतो. वर बर्फ वितळायचं थांबतं, गोठायला लागतं. डोंगरी नदीचं पाणी अशा वेळी काही दिवसांत झपाट्याने उतरतं. ऑक्टोबरच्या मध्यावर नामका चू जागोजागी पायी ओलांडता येईल अशी झाली. ज्या पुलांसाठी माणसं पेरली होती, त्या पुलांना अर्थच उरला नाही. नदी अडथळा राहिली नाही आणि ब्रिगेड मात्र तिच्या काठाला, खाली, मैलोगणती पसरलेली, एका मोर्च्यातून दुसऱ्याला मदत न करता येण्याच्या अंतरावर. ऋतूने आपली तटबंदी काढून घेतली होती आणि ते प्रत्येक जवानाला रोज पाण्याची पातळी बघून दिसत होतं.

२० ऑक्टोबरला पहाटे पाचच्या सुमारास चिन्यांच्या तोफा आणि उखळी तोफा सुरू झाल्या. त्यांचं पायदळ रात्रीच नदी ओलांडून आपल्या मोर्च्यांच्या मधून वर सरकलेलं होतं. हल्ला समोरून आला तसाच बाजूने आणि पाठीमागूनही आला. २ राजपूत जिथे होती तिथेच लढली. ५१३ जणांपैकी २८२ ठार, ८१ जखमी होऊन कैद, ९० कैद. परत आले ६०. १/९ गोरखाचीही अशीच वाताहत झाली. ब्रिगेड कमांडर दळवी २२ ऑक्टोबरला पकडले गेले. ९ पंजाब आणि ४ ग्रेनेडिअर्समधले अनेकजण भूतानमार्गे, उपाशीपोटी खिंडी ओलांडत परत आले. २३ ऑक्टोबरला बूम ला वाटेवर तोंगपेन लाच्या जवळ १ शीखचे सुभेदार जोगिंदर सिंग लढले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पुढे तवांग गेलं.

हवामान सगळ्यांना सारखंच असतं का?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जवानांना गरम कपडे मिळाले असते, दोन आठवडे उंचीची सवय करून दिली असती, तरी नामका चूवर जिंकता आलं असतं का? माझं उत्तर नाही असंच आहे. संख्या, तोफा, रस्ता आणि वरची धार हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्या दरीत बसलेली कोणतीही ब्रिगेड हरली असती. पण हरणं आणि संपणं यांत फरक आहे. धडधाकट ब्रिगेड मागे सरकू शकते, दुसऱ्या जागी उभी राहू शकते. महिनाभर उपाशी, गारठलेली, अर्धी आजारी ब्रिगेड ते करू शकत नाही.

आणि हवामानाचा विचार करून लढणं आपल्या सैन्याला जमतच नव्हतं, असंही नाही. १४ वर्षांपूर्वीचं उदाहरण घ्या. १९४८ मध्ये झोजी ला शत्रूच्या ताब्यात होता आणि लेहचा रस्ता तुटला होता. सप्टेंबरात ७७ पॅरा ब्रिगेडने केलेले हल्ले कड्यांतल्या मशीनगनपुढे अडले. मेजर जनरल थिमय्यांनी ठरवलं की खिंडीत रणगाडे न्यायचे. सॅपर्सनी बालतालपासूनची खेचरवाट रुंद केली. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे बुरूज उतरवून गुपचूप श्रीनगरमार्गे आणले गेले. हल्ला २० ऑक्टोबरला ठरला होता. हवा बिघडली. थिमय्यांनी तो पुढे ढकलला. १ नोव्हेंबरला साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे गुमरीच्या मोकळ्या जागेत उतरले आणि शत्रूने मोर्चे सोडले. नोव्हेंबरच्या मध्यावर द्रास, २४ तारखेच्या सुमारास कारगिल.

योगायोग पाहा, दोन्हीकडे तारीख २० ऑक्टोबरच. थिमय्यांनाही हिवाळ्याची घाई होती. प्रत्येक दिवस थांबणं म्हणजे खिंड बंद व्हायच्या एक दिवस जवळ जाणं. तरी ते थांबले, कारण तारीख ठरवणारा माणूस आणि आभाळाकडे बघणारा माणूस एकच होता. बासष्टमध्ये हिवाळा येतोय म्हणून घाई करा, असं सांगितलं गेलं. हिवाळा येतोय म्हणून कपडे द्या, हे मात्र त्याच वेगाने झालं नाही.

पावसाचा फायदा घेतल्याचं उदाहरण तीन वर्षांनंतरचं. १९६५ मध्ये २७-२८ ऑगस्टच्या रात्री १ पॅराचे मेजर रणजित सिंग दयाल आपली माणसं घेऊन भर पावसात हाजी पीरच्या दिशेने चढले. वाट निसरडी, अंधार दाट. पण ज्या पावसाने त्यांचे पाय घसरत होते त्याच पावसाने वरच्या पहाऱ्याचे डोळे आणि कान बंद केले होते. २८ ऑगस्टच्या सकाळी खिंड हातात आली. दयाल यांना महावीर चक्र मिळालं.

पुढे काय शिकलो

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने म्हणतो. त्यांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत चौकशीतल्या निष्कर्षांबद्दल निवेदन केलं. त्यात प्रशिक्षण, साधनसामग्री आणि कमांडची पद्धत यांच्या जोडीला जवानांच्या शारीरिक तयारीचा मुद्दा वेगळा होता. उंचीची सवय नसलेलं सैन्य हे सवय असलेल्या सैन्याइतकं तंदुरुस्त असू शकत नाही, हे त्यांनी सभागृहात मान्य केलं. वाक्य साधं आहे, पण ते कबूल व्हायला एक ब्रिगेड खर्ची पडली.

गुलमर्गला थिमय्यांच्याच पुढाकाराने १९४८ अखेर सुरू झालेली स्की शाळा १९६२ मध्ये हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली होती. म्हणजे बर्फात कसं राहायचं याचं ज्ञान सैन्यात होतं. ते नामका चूला गेलेल्या सुती वर्दीतल्या माणसापर्यंत आलं नव्हतं. युद्धानंतर माउंटन डिव्हिजन उभ्या राहिल्या, सीमेवर रस्ते झाले. सैन्याच्या डॉक्टरांनी उंचीच्या आजारावर मोठं काम केलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर त्याचा दाखला दिला जातो.

आज ज्यांनी उंचावर नोकरी केली आहे त्यांना ६-४-४ हा आकडा पाठ असतो. ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १२ ते १५ हजारांवर ४, त्याहून वर जायचं तर आणखी ४. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. नवीन आलेल्या जवानाला हे दिवस फार कंटाळवाणे वाटतात. पोरगं विशीतलं असतं, पायांत जोर असतो, "साहेब, मला काही होत नाही, वर पाठवा" म्हणतं. त्या वेळी त्याला ६-४-४ हे कोणाच्या जिवावर लिहिलं गेलं, ते सांगावं. सप्टेंबरात आलेल्या तुकडीला तर नक्कीच.

हल्ली पुण्या-मुंबईहून ट्रेकिंगचे ग्रुप सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालयात येतात. ऋतू सुंदर असतो, आभाळ धुतलेलं असतं, फोटो छान येतात. पण याच दिवसांत बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ हिमालयाला धडकलं की काय होतं ते नेपाळने ऑक्टोबर २०१४ मध्ये पाहिलं. हुदहुद वादळाचं उरलेलं बळ थोरोंग ला खिंडीवर हिमवादळ होऊन कोसळलं आणि अन्नपूर्णा परिसरात ४० हून अधिक माणसं गेली. सह्याद्रीत पावसात भिजलेला ट्रेकर संध्याकाळी गावात चहा पितो. इथे भिजलेल्या माणसाला गाव नसतं. सुती टी-शर्ट घालून येऊ नका, दुपारच्या आत खिंड ओलांडा, एक दिवस राखीव ठेवा, आणि परतीच्या तिकिटाच्या तारखेवरून वर जायचा दिवस ठरवू नका. वर जायची तारीख तिकिटाने ठरवली काय आणि दिल्लीने ठरवली काय, डोंगराला दोन्ही सारखंच.

तवांगच्या युद्धस्मारकात कामेंग भागात कामी आलेल्या २,४२० जणांची नावं कोरलेली आहेत. पलटणीनुसार ओळी आहेत. कोण गोळीने गेला आणि कोण कारपो लाच्या चढावर छातीत पाणी भरून गेला, असा फरक तिथे केलेला नाही, आणि तो करूही नये. दोघेही हुकमाप्रमाणे वर गेले होते. तवांगला गेलात तर २ राजपूतची ओळ जरूर शोधा. ती लांब आहे, वाचायला वेळ लागतो.